दोह्यात रात्रीचे नऊ तास: आईवडिलांसाठी लाउंज घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईवडील पहिल्यांदाच परदेशी निघालेत. सोलापूरहून मुंबई, रात्री साडेनऊच्या सुमाराला मुंबईहून दोहा, आणि सकाळी आठला तिथून डॅलस, बहिणीकडे. दोह्यात नऊ तास थांबायचंय. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. आईला शुद्ध शाकाहारी लागतं, त्यात नेमकी एकादशी आलीय. तुमच्या क्रेडिट कार्डावर फुकट लाउंज, म्हणजे विमानतळावरची बसण्या-खाण्याची वेगळी जागा, मिळतं. ते त्यांना वापरू द्यावं, पैसे भरून दुसरं घ्यावं, की ‘बसतील की खुर्चीवर, एका रात्रीचा तर प्रश्न’ म्हणणाऱ्या मामांचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

सोलापुरात तिकिटांचं काम करताना माझ्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेचे प्रवासी येतात. एक, मुलांकडे निघालेले आईवडील. दुसरे, टॉवेल-चादरीच्या धंद्यातले लोक, जे दर जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातात. या दोघांना लाउंजबद्दल मी अगदी उलट सल्ला देतो, म्हणून सरसकट ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ असं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या बाबतीत मात्र बऱ्यापैकी ठाम मत आहे. तुम्हाला खरी काळजी सोफ्याची किंवा बुफेची नाही. इंग्रजी फारसं न बोलणारी दोन वयस्कर माणसं परक्या ठिकाणी अख्खी रात्र कशी काढतील, ही आहे. आणि रात्र काढायला लाउंज ही चांगली जागा नाही.

आधी कार्डाचं सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. कार्ड तुमच्या नावावर आहे. लाउंजच्या दारात कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळवून बघतात. तुम्ही सोलापुरात आणि कार्ड वडिलांच्या खिशात, हे चालत नाही. वडिलांच्या नावाचं अ‍ॅड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं जोडकार्ड, असेल तर गोष्ट वेगळी, पण अ‍ॅड-ऑनवर लाउंजची सोय आहे का, ते बँकेलाच विचारायला हवं. काही बँका देतात, काही फक्त मूळ कार्डधारकाला देतात. शिवाय कार्डावर ‘लाउंज फ्री’ लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा ती सोय देशातल्या लाउंजपुरती असते. परदेशातल्या लाउंजसाठी बहुतेक बँका प्रायॉरिटी पाससारखं वेगळं सदस्यत्व देतात, त्याचं कार्ड स्वतंत्र असतं आणि ते मागवावं लागतं. त्यातही फुकट भेटी मोजक्या असतात आणि सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे, बँकेनुसार साधारण २७ ते ३५ डॉलर, वर कर. म्हणजे वडील फुकट आणि आईचे तीन हजार रुपये, असा हिशेब होतो. अलीकडे बऱ्याच बँकांनी ‘मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच लाउंज’ अशी अटही घातलीय. तुमचं कार्ड दोन वर्षांपूर्वी घेतलेलं असेल तर तेव्हाचं माहितीपत्रक आज धरून चालू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड मिळतं ते फक्त देशांतर्गत वापरापुरतं सुरू असतं. परदेशातला वापर अ‍ॅपमध्ये जाऊन आपल्याला सुरू करावा लागतो. लाउंजच्या काउंटरवर कार्ड खरं आहे की नाही ते बघायला एखादी किरकोळ रक्कम ओढून पाहतात. वापर बंद असेल तर मशीन नकार देतं, आणि समोरचा माणूस तुमच्या आईवडिलांना कारण समजावून सांगत बसत नाही. आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक असेच दारातून परत फिरले होते. कार्डावर मर्यादा भरपूर होती, अडलं ते फक्त अ‍ॅपमधल्या त्या एका बटणावर. त्यांना वाटलं आपल्याजवळ पैसे नाहीत असं त्या मुलीला वाटलं असणार. लाउंज हुकल्यापेक्षा त्यांच्या मनाला तेच जास्त लागलं होतं.

समजा कार्डाचं सगळं जुळलं. तरी तासांचा हिशेब करून बघा. विमान रात्री अकराला टेकलं तरी दारातून बाहेर यायला वेळ लागतो. व्हीलचेअर मागितली असेल तर सगळे उतरल्यावर शेवटी नेतात. मग ट्रान्झिटची, म्हणजे विमान बदलणाऱ्यांची, सुरक्षा तपासणी. दोह्याचा हमाद विमानतळ मोठा आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला चालणं बरंच पडतं. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या विमानाचं बोर्डिंग लवकर सुरू होतं आणि गेटवर पुन्हा तपासणी होऊ शकते, म्हणून सकाळी साडेसहाच्या सुमाराला त्यांनी गेटपाशी असावं असं मी धरतो. म्हणजे नऊपैकी हातात राहतात सहा-साडेसहा तास. आणि कार्डावरच्या लाउंजमध्ये बहुतेक ठिकाणी तीन तास बसू देतात. पहाटे तीनला त्यांना उठवून बाहेर काढलं तर ती रात्र ना लाउंजची राहिली ना झोपेची.

दोह्याची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे रात्रीचे अकरा म्हणजे सोलापुरात दीड वाजलेला. आता मागे मोजा. सकाळी सहाच्या सुमाराची वंदे भारत पकडायची तर घरी चारला उठले असतील. म्हणजे दोह्यात उतरेपर्यंत एकवीस-बावीस तास जागे, विमानात लागलेला थोडा डोळा सोडला तर. अशा माणसाला जेवणाची रांग, कॉफीचं मशीन आणि उजेडात ठेवलेला सोफा देऊन काय उपयोग? त्याला आडवं व्हायचं असतं. पाय सुजलेले असतात, ते वर घ्यायचे असतात. पुढचं विमान सोळा तासांच्या आसपासचं आहे, त्याआधी पाठ टेकलीच पाहिजे.

म्हणून तुमच्या घरासाठी माझा क्रम असा. पहिलं, विमानतळाच्या आतच असलेल्या हॉटेलात खोली. दोह्यात ट्रान्झिटच्या भागातच ओरिक्स एअरपोर्ट हॉटेल आहे. इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही, व्हिसा लागत नाही, खोली रात्रीवर नव्हे तर ठरावीक तासांच्या हिशेबाने मिळते. लाउंजचे पैसे माणशी मोजावे लागतात, आखातात पैसे भरून जायचं तर वेळेप्रमाणे माणशी साधारण ४० ते ६० डॉलर. खोली दोघांत एक. त्यामुळे फरक वाटतो तेवढा मोठा निघत नाही. खोलीत दार लावून झोपता येतं, अंघोळ होते, आईला साडी बदलता येते, वडिलांना गोळी घेऊन निवांत खाता येतं. बुकिंग करताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: हॉटेल ‘ट्रान्झिटच्या आत’ आहे ना. बुकिंगच्या साइटवर ‘एअरपोर्ट हॉटेल’ या नावाखाली शहरातली हॉटेलंही येतात, तिथे जायचं तर इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागेल. तो उद्योग त्यांच्याकडून करून घेऊ नका. आणि तारीख नीट टाका. ते रात्री अकराला पोचणार, म्हणजे खोली त्याच तारखेपासून हवी. मध्यरात्रीनंतरचं समजून लोक दुसऱ्या दिवसाची तारीख टाकतात आणि काउंटरवर बुकिंग सापडत नाही.

दुसरं, खोली मिळाली नाही किंवा बजेटात बसली नाही तर विमानतळावरच्या फुकटच्या शांत खोल्या. हमादला त्या आहेत, अंधार कमी-जास्त, आरामखुर्च्या टाकलेल्या. मात्र बायकांची आणि पुरुषांची व्यवस्था बहुधा वेगळी असते. आईवडिलांना हे आधी सांगा. नाहीतर आई एकटी आत जाणार नाही, आणि मग दोघंही बाहेर खुर्चीवर रात्र काढतील. एकाच्या हातात दोघांचे पासपोर्ट असतील तर वेगळं होताना ते वाटून घ्यायला लावा.

लाउंज तिसऱ्या नंबरावर. तेही घेतलंत तर पैसे भरून सहा तासांचं मिळतंय का बघा, आणि आत झोपायची वेगळी जागा आहे का ते विचारा. लाउंजमध्ये विमानाच्या घोषणा बहुधा होत नाहीत. तरुण माणूस मोबाइलवर गजर लावून झोपतो. तुमचे वडील झोपतील आणि आई राखण करत बसेल, हे मी न बघता सांगतो.

धंद्यातल्या लोकांना मी उलट का सांगतो, तेही सांगतो, म्हणजे तुमच्या मामांनाही पटेल. जानेवारीत फ्रँकफर्टला निघालेला आमचा टॉवेलवाला सकाळी दोह्यात किंवा दुबईत उतरतो, तीन तास थांबतो आणि दुपारी फ्रँकफर्टला उतरून थेट प्रदर्शनाच्या हॉलवर जातो. त्याला तीनच तास हवे असतात. दाढी-अंघोळ करायची, शर्ट बदलायचा, लॅपटॉप चार्ज करायचा, दोन मेल टाकायचे. हे सगळं लाउंजमध्ये उत्तम होतं, कार्ड त्याच्या स्वतःच्या नावाचं असतं आणि खर्चाची अटही धंद्यामुळे आपोआप पूर्ण होते. त्याने घ्यावंच. शिकायला निघालेल्या पोरापोरींना मी सांगतो की पैसे वाचवा, मोकळ्या खुर्च्या बघा, पाण्याच्या नळावर बाटली भरा. लहान मूल सोबत असेल तर मात्र दिवसाही लाउंजचा उपयोग होतो, कारण मुलाला दूध गरम करून मिळतं आणि स्वच्छतागृह जवळ असतं. बिझनेस क्लासचं तिकीट असेल तर प्रश्नच मिटला, फक्त स्वस्तातल्या काही बिझनेस भाड्यांत लाउंज धरलेलं नसतं, तेवढं तिकिटावर वाचायचं.

आता खाणं. यावर मी थोडा लांबणार आहे, कारण लोक लाउंज घेतात ते खाण्याच्या भीतीपोटीच.

सुरुवात विमानातल्या जेवणापासून करा. तिकीट काढलं म्हणजे शाकाहारी जेवण येतंच असं नाही, ते आधी नोंदवावं लागतं, उड्डाणाच्या निदान २४ तास आधी, आणि दोन्ही विमानांसाठी. तुम्हाला हवं ते एव्हीएमएल, म्हणजे आशियाई शाकाहारी. आपल्याकडची बरीच मंडळी यादीत ‘हिंदू मील’ बघून तेच नोंदवून मोकळी होतात. हिंदू मील, म्हणजे एचएनएमएल, हे बहुतेक कंपन्यांत मांसाहारी असतं. त्यात गोमांस नसतं, पण कोंबडी किंवा मटण असतं. आईंच्या पुढ्यात ते आलं तर पुढचे सोळा तास त्या पाणीसुद्धा नीट पिणार नाहीत. कांदा-लसूणही नको असेल तर व्हीजेएमएल, जैन जेवण. वडिलांसाठी मधुमेहींचं डीबीएमएल मिळतं, पण ते शाकाहारी असेलच असं नाही. वडीलही शाकाहारी असतील तर मी त्यांच्यासाठीही एव्हीएमएलच नोंदवतो आणि गोडाचा डबा बाजूला ठेवायला सांगतो.

आखातातल्या विमानतळांवर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. हमस (हरभऱ्याची वाटलेली चटणी), खुबूस (तिकडची रोटी), फलाफल, सॅलड, भात, कुठेतरी डाळ असतेच. फलाफल म्हणजे हरभऱ्याचे तळलेले गोळे, ते आपल्या माणसांना आवडतात. मसूरच्या सूपबद्दल मात्र विचारून घ्यावं, ते कधीकधी कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं. हे विचारणं आईंना जमणार नाही, म्हणून मी प्रत्येक जोडप्याला एक कागद करून देतो. एका बाजूला इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: आम्ही शाकाहारी आहोत, मांस, मासे, अंडं, कोंबडीचं पाणी चालत नाही, यातलं काय चालेल ते कृपया बोटाने दाखवा. दुसऱ्या बाजूला मराठीत: विमानाचा नंबर, दोह्याची सुटायची वेळ, गोळीची वेळ, बहिणीचा नंबर, आणि गेट नंबरसाठी मोकळी चौकट. गेट शेवटी कळतं, कधी बदलतं, म्हणून ती चौकट पेन्सिलने भरायची. कागद पासपोर्टच्या कव्हरात ठेवायचा, पर्सच्या तळाशी नव्हे.

घरचं काय द्यावं? धपाटे, दशम्या, कडक भाकरी, राजगिऱ्याचे लाडू हे हातातल्या बॅगेत खुशाल द्या. कडक भाकरी आठवडाभर टिकते, तपासणीत कुणी हात लावत नाही, आणि रात्री दोनला भूक लागली तर दोन तुकडे पुरतात. दही, लोणचं, तुपाची बरणी हातातल्या बॅगेत नको. १०० मिलीवरच्या पातळ-लिबलिबीत वस्तू सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि मुंबईत सुटलं तर दोह्यात पकडतात. शेंगा चटणी नेणारच, हे मी गृहीत धरलंय. पण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासतात, आणि खात्री पटली नाही तर टाकून द्यायला लावतात. साधारण शीतपेयाच्या एका कॅनएवढी मर्यादा आहे. म्हणून वाटेत खायला छोटी डबी हातात, बाकी किलो-दोन किलो चटणी मोठ्या बॅगेत, घट्ट पॅक करून. अख्खं सुकं खोबरं हातात किंवा मोठ्या बॅगेत कुठेच देऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. डॅलसला उतरल्यावर खाण्याच्या वस्तू आहेत हे जाहीर करायचं, लपवायचं नाही. फळं, भाज्या नेऊ नयेत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. खसखस. आखाती देशांत खसखस अमली पदार्थांत मोडते. मसाल्याच्या डब्यातली पुडी तर नाहीच, पण अनारसे! अनारशाला खसखस लावलेली असते, हे आपल्या डोक्यातही येत नाही. मुलीला आवडतात म्हणून आई पन्नास अनारसे बांधते आणि ते आखातातल्या विमानतळावरून जाणार असतात. करंजीच्या सारणात, कुणाकुणाच्या काळ्या मसाल्यातही खसखस असते. फराळ द्यायचाच असेल तर चिवडा, शंकरपाळी, चकली द्या. मसाला घरचा असेल तर त्यात काय घातलंय ते आईंना एकेक जिन्नस विचारा. तसंच काही खोकल्याच्या औषधांचं आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांचं आहे, आपल्याकडे दुकानात मिळणारी औषधं तिकडे बंदीत असतात. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेतच.

वडिलांच्या गोळ्यांची किंवा इन्सुलिनची वेळ हा डॉक्टरांचा प्रश्न, माझा नाही. पण डॉक्टरांना भेटायला जाताना तासांचं वेळापत्रक कागदावर लिहून न्या. ‘परदेशी जातायत’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरही ‘नेहमीच्या वेळेला घ्या’ म्हणतात, आणि नेहमीची वेळ म्हणजे सोलापूरची, दोह्याची की डॅलसची, हे कुणी ठरवत नाही. हातातले घड्याळ घरच्या वेळेवर ठेवून त्याप्रमाणे गोळी घ्यायची की नाही, एवढं त्यांच्याकडून स्पष्ट लिहून घ्या.

एकादशीचं तुम्ही शेवटी विचारलंय, पण आईंच्या दृष्टीने तेच पहिलं असणार. डॅलसला उतरायच्या दिवशी एकादशी असेल तर तो दिवस सोलापूरच्या मध्यरात्रीपासून डॅलसच्या मध्यरात्रीपर्यंत साडेचौतीस-साडेपस्तीस तासांचा होतो, कारण विमान पश्चिमेला जातं. एवढा उपास प्रवासात कुणी धरू नये असं माझं मत, पण माझं मत त्या ऐकणार नाहीत. निदान राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि खजूर भरपूर द्या. खजूर दोह्यात पावलोपावली मिळतो. लाउंजच्या बुफेत उपासाचं असं काही मिळणार नाही, फळं आणि दूध-दही सोडून. त्यासाठी पैसे भरू नका.

इथपर्यंतचं थोडक्यात: तुमचं कार्ड त्यांना बहुधा उपयोगी पडणार नाही, रात्रीसाठी आतल्या हॉटेलची खोली आधी बघा, खाण्यासाठी लाउंजची गरज नाही, आणि अनारसे घरी ठेवा.

राहिली मुंबई. सगळे दोह्याचे नऊ तास मोजतात, मुंबईचे मोजत नाहीत. सकाळची वंदे भारत दुपारी मुंबईत पोचते. तिने येणार असतील तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा, विमानतळ तिथून जवळ पडतो. (ती गाडी आठवड्यातून एक दिवस नसते, तारीख बघून घ्या.) दुपारी बाराला दादर आणि रात्री साडेनऊचं विमान, म्हणजे मुंबईतही नऊ तासच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी लवकरच पोचाल, मग तर अख्खा दिवस काढायचा. चेक-इनचे काउंटर तीन-चार तास आधी उघडतात, त्याआधी आत जाऊन उपयोग नाही, आणि लाउंज तर सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनच्या पलीकडे. म्हणजे जे तास खरोखर रिकामे आहेत त्या तासांत मुंबईचं लाउंज मिळतच नाही. मिळतं तेव्हा तासभर उरलेला असतो, आणि संध्याकाळी तिथे रांग असते. मुंबईत नातेवाईक असतील तर दुपारी त्यांच्याकडे दोन घास खाऊन आडवं होऊ द्या. नसतील तर विमानतळाजवळ तासांवर मिळणारी खोली घ्या. पुढच्या रात्रीसाठी एवढी दुपारची झोपही खूप उपयोगी पडते.

आता सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालंय, म्हणून ‘सोलापूरहूनच उडवू का’ असं बरेच विचारतात. आईवडिलांचा त्रास वाचेल हे खरं. पण ते तिकीट वेगळं असतं. त्या विमानाला उशीर झाला आणि पुढचं हुकलं तर दोह्याची कंपनी जबाबदार नसते. सामानाचीही अडचण: देशातल्या विमानात साधारण १५ किलो, अमेरिकेच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. फरकाचे पैसे भरावे लागतात. एक दिवस आधी जाऊन मुंबईत मुक्काम करणार असाल तर विमानाने जा. त्याच दिवशी जाऊन पुढचं पकडायचं असेल तर मी नको म्हणेन.

व्हीलचेअर मात्र नक्की मागवा, दोघांसाठीही, ४८ तास आधी. चालता येतं तर कशाला, असं वडील म्हणतील. व्हीलचेअरचा खरा उपयोग पायांना नाही, वाट दाखवायला आहे. सोबतचा माणूस तपासणीतून नेतो, गेटवर पोचवतो, इंग्रजीचा प्रश्न मिटतो. पण याचा आणि खोलीचा मेळ घालावा लागतो. मदत करणारी माणसं प्रवाशांना एका ठरलेल्या जागी बसवतात आणि वेळ झाली की तिथून उचलतात. आईवडिलांनी ‘हॉटेल’ असं स्पष्ट सांगितलं आणि बुकिंगचा कागद दाखवला तर हॉटेलच्या काउंटरपर्यंत सोडतात. तिथे पोचल्यावर हॉटेलवाल्यांना सकाळी पावणेसहाला उठवायला सांगायचं आणि व्हीलचेअर परत बोलवायला सांगायचं. या दोन वाक्यांचा कागदही इंग्रजीत लिहून द्या. व्हीलचेअरवाल्याला लाउंजमध्ये सोडायला सांगितलं तर तो सोडतो, पण परत न्यायला तो तिथे येईलच याची खात्री मी देऊ शकत नाही. लाउंज नको म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

हातातल्या बॅगेत एक पातळ सोलापुरी चादर ठेवाच. विमानतळांवर गारठा असतो, आणि मोठ्या बॅगा थेट डॅलसला जातात, दोह्यात हाताला लागत नाहीत. त्यामुळे एक कपड्यांचा जोड, टूथब्रश, चपला, औषधं, हे सगळं हातातल्या बॅगेत.

फोनबद्दल एक. दोह्यात विमानतळाचं वाय-फाय मिळतं, पण आखाती देशांत व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल बहुधा लागत नाही. संदेश आणि आवाजी निरोप जातात. हे माहीत नसल्यामुळे इकडे मुलं रात्रभर फोन लावत बसतात आणि ‘आई फोन उचलत नाही’ म्हणून मला पहाटे उठवतात. वडिलांना आवाजी निरोप पाठवायला आत्ताच शिकवा, आणि एकाच्या फोनवर रोमिंगचं पॅक टाका, म्हणजे अडीनडीला साधा कॉल लागेल.

परतीच्या प्रवासात दोह्यात किती तास आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. अडीच-तीन तास असतील तर ना लाउंज, ना हॉटेल, सरळ गेटवर. सहा-सात तास असतील आणि दिवस असेल तर विमानतळातच झाडांची मोठी बाग केलीय, २०२२ पासून आहे, तिथे बसून वेळ बरा जातो. पण परत येताना पुन्हा रात्र पडत असेल तर खोलीचं बुकिंग दोन्ही वेळचं एकदमच करा, आणि त्याआधी बहिणीला सांगून तिच्या बाजूने परतीचं जेवण नोंदवलंय का तेही बघून घ्या. परतीचं एव्हीएमएल बरेचजण विसरतात.